सेवाज्येष्ठतेने उंदीर

आमच्या धरमपेठेतल्या इमारतीत, माझ्या डोक्यावर राहणाऱ्या वांढरेकाकांनी उंदरांच्या बदल्या केल्या. लेखी! उभी हयात सरकारी कचेरीत बदल्यांचं टेबल सांभाळलेला माणूस, निवृत्तीनंतर हात शिवशिवणारच.

सुरुवात दोन पांढऱ्या उंदरांनी झाली. दुकानदाराने दोन्ही नर म्हणून दिले आणि महिन्याभरात त्यातल्या एका नराला अकरा पिल्लं झाली. वर्षभरात दोन पिंजऱ्यांत चाळीसच्या वर उंदीर. अंगावर चावे, नाकं वाहती, शिंकांचा नुसता कहर. वास थेट माझ्या ताटापर्यंत. तणतणतच वर गेलो.

"काका, यांना वेगळं करा हो!"

"केलं ना गा! ज्येष्ठ इकडे, कनिष्ठ तिकडे. सेवाज्येष्ठतेनं."

म्हणजे आजी-आजोबा एकत्र आणि नातवंडं एकत्र! धन्य आहे!

"नियमात तर बसते," काका हैराण, "तरी पिल्लं काहून होऊन राहिली?"

त्यांना ओढतच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चांगलंच झापलं. "असंच चाललं तर निम्मे मरतील. बाहेर सोडले तर सगळेच मरतील. नर-माद्या आजच वेगळे करा. नरांची नसबंदी, आजाऱ्यांना औषध. मग बरी घरं बघून जोडीजोडीने द्या. एकटा उंदीर झुरतो, एकट्याला ठेवायचं नाही."

काकांचे डोळे भरले. पण घरी आल्यावर जी कचेरी चालू झाली, बाप रे! उंदीर न्यायला येणाऱ्यांच्या मुलाखती. मांजर आहे? अर्ज नामंजूर. मिहानच्या आयटी कंपनीतल्या एका इंजिनीयरला तीन चकरा मारायला लावल्या, वरून "पिंजऱ्याचा फोटो आणा."

तीन महिन्यांत सगळे मार्गी लागले. उरली एक म्हातारी मादी, डोळ्यांनी अधू. तिची जोडीदारीण मेली आणि हिला न्यायला कोणीच तयार होईना.

परवा वर गेलो, तर काकांच्या ताटाशेजारी तिचा पिंजरा. पोळीचा तुकडा भरवत काका तिला पेपर वाचून दाखवत होते.

"काका, एकटीला ठेवायचं नाही म्हटलं होतं ना बाईंनी?"

"एकटी कुठी आहे? मी आहो ना गा. दिवसभर बोलतो तिच्याशी." पेपरची घडी करत म्हणाले, "तुमची काकू गेल्यापासून या घरात बोलणंच बंद होतं. आता माहा मले आवाज ऐकू येते."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं खाली राहतो, पण वर गेलो तो फक्त भांडायला.

"बोल," काका घाबरत म्हणाले, "आता काय तक्रार आहे?"

"काही नाही काका," म्हटलं, "बसायले आलो."