जावक कारकुनांनी पंखा राखिला, त्याची हकीकत

ऐकणारांनी आधी घाम पुसून घ्यावा, चित्त स्थिर करावे आणि मग ही हकीकत परिसावी. दप्तरखान्यात पंखे दोन, माणसे तेरा. पंख्यांखाली सहा आसामी सुखरूप, बाकी सात उन्हाळाभर उकडून निघत. त्या सातांत अग्रगण्य म्हणजे शिक्काबहाद्दर, पाकीटशिरोमणी जावक कारकून. अकरा वर्षे कोपऱ्यात बसून पाठीवर घामोळ्यांचा अंमल बसला, परंतु उमेद बुलंद. कां की पंख्याखालील हेडक्लार्क महिनाअखेर निवृत्त होणार आणि ती खुर्ची आपणांसच, ऐसी त्यांची पक्की खातरजमा.

ऐशा समयी टायपिस्ट बाईंनी बंड आरंभिले. दर सोमवारी खुर्च्या एकेक जागा सरकवाव्या आणि वारा सर्वांस पाळीने मिळावा, ऐसी तजवीज मांडली, आणि साहेबांचा हुकूम सुटला की हात वर करून निकाल करावा. मग सहा पंखेवाल्यांचे धाबे दणाणले आणि सातांनी जय गृहीतच धरिला. तो जावक कारकून मनी विचार करिते जाहले की, अकरा वर्षे तपश्चर्या आमची, आणि खुर्ची हाती येते तोच तीत वाटेकरी? या कोपरेकऱ्यांनी फुकटचा वारा खावा काय? आपणही कोपऱ्यातच बसतो, याचे स्मरण त्या घटकेस राहिले नाही. आणि मग खाशांनी हात उचलिला तो पंखेवाल्यांच्या बाजूने. सहांविरुद्ध सात. बंड मोडिले. हेडक्लार्कांनी सद्गदित होऊन अर्धा कप चहा इनाम दिला, आणि कोपऱ्यातील सहांनी खाशांशी बोलणे टाकिले.

पाचवे दिवशी वरून फर्मान आले की हेडक्लार्कांस दोन वर्षे मुदतवाढ.

त्या सांजेस घरी बाईसाहेब खाशांच्या पाठीवर पावडर थापीत असता पुसत्या जाहल्या, "अहो, तुमच्या डोक्यावर पंखा आहे का?"

"नाही."

"मग वाचवलात कुणाचा?"

खासे उशीत तोंड खुपसून वदले, "दोनच वर्षं गं. कशी गेली कळणारही नाही."

"बरं. मग हा डबा पुरवून वापरते," म्हणोन बाईसाहेबांनी झाकण लाविले. पाठ निम्मीच जाहली होती.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. पंख्याखालील एकही खुर्ची हलली नाही, कोपऱ्यातीलही नाही. घडले तैसे लिहून ठेविले असे.