राजाच्या पायाखालचा मेव्हणा

साकतून नगरात शिळेवर राजाच्या पायाखाली ज्याचा चेहरा कोरला जाई, तो माणूस राजाचा युद्धकैदी ठरे. मग युद्ध झालेलं असो वा नसो. माणसं काय, काहीही बोलतात. म्हणून दगडाचं ऐकायचं, एवढा सरळ कारभार होता तो. राजाचं नाक शिळेवर जरा जास्त बाकदार उतरलं, तेव्हा राजाने मुकाट्याने नाकावर लाकडी पट्टी चढवून घेतली. गेल्या वर्षी आत्याराणीच्या शिळेचं नाक पावसाने झडलं, त्या दिवसापासून आत्याराणी दिवंगत आहेत. रोज सकाळी बागेत फिरतात, पण त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

दर वीस वर्षांनी मंदिरापुढे राजाची नवी शिळा उभी राहायची. वर पिसांच्या मुकुटातला राजा, त्याच्या पायाखाली दोरीने बांधलेला शत्रू. यंदाची शिळा तुकुनकडे होती. नगरातला सगळ्यात नावाजलेला पाथरवट तो, आणि तितकाच उतावीळ. यंदा सैन्य ठरल्याप्रमाणे निघालं, आठ दिवस रान तुडवलं, शत्रू काही भेटला नाही, परत आलं. शिळा उघडायची तारीख मात्र तिच्या कडेला आधीच कोरून झालेली. ती कशी हलणार?

"कैद्याचं धड करून ठेवा," लेखनिक मुवान म्हणाला. शिळा आणि माणसं ताडून पाहायचं काम त्याच्याकडे होतं. "तोंडाचं मागाहून बघू."

आता ज्याने जन्मभर तोंडंच कोरली, त्याने बिनतोंडाच्या धडापुढे हात बांधून बसायचं म्हणजे काय! तुकुनला चैन पडेना. उठला, बसला, धूळ फुंकली, गारगोटीची छिन्नी उगाच घासली. समोर सावलीत त्याचा मेव्हणा चिताम रोजच्यासारखा येऊन बसलेला. पानात उकडलेले मक्याचे उंडे खायचे आणि दाजींना गावभरच्या गप्पा सांगायच्या, एवढाच चितामचा उद्योग. तुकुन ऐकत होता, हात चालत होता. डोळे झाले, गाल झाले. नाक नेहमी शेवटी करायचं, कारण नाक झालं की दगड श्वास घ्यायला लागतो. तेही झालं.

"दाजी," चिताम म्हणाला, "हा कोण हो? कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो."

तुकुन मागे सरला, दगडाकडे पाहिलं, मग चितामकडे पाहिलं. फुगरे गाल, बसकी हनुवटी, आणि ते नाक! इतकं जिवंत नाक त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. आनंदही झाला मेल्याला, खोटं कशाला सांगा. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळच्या आत मुवान हजर. त्याने चितामची हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं.

"जुळतंय. छान काम."

"अहो, हा माझा मेव्हणा आहे!"

"असेल. आता ओश्काबचा सरदारही आहे."

"हे ओश्काब कुठं आलं?"

"शोधायला उद्या माणसं जातील. सरदार आहे म्हणजे गाव असणारच."

"पण यानं लढाई पाहिलीसुद्धा नाही! परसातल्या टर्कीला भितो तो!"

"म्हणूनच हाती लागला," मुवान समजुतीने म्हणाला. "कोठडी दुरुस्तीला काढली आहे. शिळा उघडेपर्यंत त्यांना घरीच ठेवा. आणि सरदार आहेत, तेव्हा अहोजाहो करा."

शिळेवरचं कापड नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी निघायचं होतं. त्याच दिवशी मंदिराच्या पायऱ्यांवर कैद्याचं डोकं उतरवायचं, असा रिवाज. आणि कोरलेल्या शिळेला पुन्हा छिन्नी लावेल त्याचा हात तोडायचा, असाही.

पहिले दोन दिवस चिताम खुशीत होता. दरबारातून त्याला कानात घालायला हिरव्या खड्यांच्या जड चकत्या आल्या. लोक दारात येऊन आधी वाकायचे, मग थुंकायचे. "ताई, सरदार म्हणे मी!" तो सांगत सुटला. तिसऱ्या दिवशी त्याने उंडा अर्धा ठेवला.

"दाजी, दुखतं का हो?"

तुकुन तडक बाहेर पडला, शिळेपाशी गेला, कापडावरून ते नाक चाचपलं, घरी आला, पुन्हा गेला. असं दिवसातून वीस वेळा.

"बसा एका जागी," त्याची बायको इशसाक ओरडली. "जमीन झिजवाल चालून चालून! जगातली तोंडं संपली होती का हो, म्हणून माझ्याच भावाचं सापडलं?"

"हात चालला गं."

"हात चालला म्हणे! आईनं जाताना त्याला माझ्या ओटीत घातला होता. मी काय सांगू तिला?" आणि ती ढसाढसा रडली. तुकुनही रडला. चिताम दोघांची समजूत काढत बसला.

तुकुनने मुवानकडे तीन अर्ज केले. कैदी बदलावा: नामंजूर. पाथरवटाचं डोकं चालेल का: चेहरा जुळत नाही. तारीख पुढे ढकलावी: मुवानने नुसतं दगडाच्या कडेकडे बोट दाखवलं.

मग वर्ष संपलं आणि बिननावाचे पाच दिवस लागले. साकतूनचं वर्ष तीनशे साठ दिवसांचं. उरलेले पाच कशातच धरत नसत. त्या दिवसांत काही घडत नसे. मूल जन्मलं तर सहाव्या दिवशी जन्मलं म्हणायचं. लोक दारं लावून घरात बसत.

तिसऱ्या दुपारी इशसाक एकदम म्हणाली, "आत्याराणी अजून बागेत फिरतात ना हो?"

"फिरतात की. पण त्या वारल्यात."

"पण फिरतात ना!"

तुकुनने हातोडी उचलली. रस्ता ओस होता. कापड वर सारलं तेव्हा चितामचं तोंड त्याच्याकडे पाहत होतं, नाकपुड्या जरा फुगलेल्या, गप्पा सांगताना फुगायच्या तशा. जन्मात पुन्हा जमणार नाही असं काम. तुकुनचा हात दोनदा वर गेला आणि दोनदा खाली आला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले आणि घाव घातला. नाकाचा तुकडा त्याने कमरेला खोचला आणि घरी येऊन आडवा पडला.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चौक भरला. चितामला दोरीने बांधून पायऱ्यांवर बसवलं. कापड निघालं. मुवान शिळेजवळ गेला, वाकला, बराच वेळ वाकलेला राहिला.

"नाक नाही," तो म्हणाला. "वर्ष संपलं त्या दिवशी होतं. म्हणजे बिननावाच्या दिवसांत गेलं."

"हो," तुकुन म्हणाला.

"मग कुणी तोडलेलं नाही." मुवान राजाकडे वळला. "महाराज, ओश्काबचे सरदार आधीच वारलेत. मेलेल्याला मारायची सोय नाही."

राजाने मुकुट सांभाळत मान हलवली. कुऱ्हाडवाल्याला घरी पाठवलं.

"आणि त्याचं खरं नाक? तेही काढायचं का?" तुकुनला राहवलं नाही.

"मृतांना दगडाबरहुकूम करावं लागत नाही. कुणाबद्दल विचारताय?" मुवान म्हणाला, आणि चितामच्या अंगावरून पलीकडे पाहत पायऱ्या उतरून गेला.

दोरी सोडायला कुणी आलं नाही, कारण दोरीत कुणी नव्हतं. चिताम एकटाच हात ओढत, वळवळत मोकळा झाला आणि घरी आला. इशसाक दारातच उभी होती. ती दोन पावलं धावली आणि थांबली. शेजारपाजारचे बघत होते. तिने पदराचं टोक तोंडात धरलं, आत गेली, आणि मृतांसाठी ठेवतात तसं उंड्यांचं पान उंबऱ्याबाहेर ठेवलं.

चिताम उंबऱ्याशी बसून खाऊ लागला. "ताई, मीठ कमी आहे," तो म्हणाला. कुणी वर पाहिलं नाही. इशसाकच्या हातातला घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा उंबऱ्याबाहेर पान ठेवलं. तुकुन आत चुलीपाशी बसला होता. त्याने अजून आपल्या पानाला हातही लावला नव्हता.

"अहो," इशसाकने त्याला मोठ्याने विचारलं, "आज मीठ ठीक आहे का?"

तुकुनने उंबऱ्याकडे कान दिला. बाहेर थोडा वेळ चावण्याचा आवाज येत राहिला.

"ठीक आहे, ताई."

"ठीक आहे," तुकुन म्हणाला.