लिंबाच्या आहाराची व्यवस्था

ज्याला तोंड नाही, त्याच्या पोटाची काळजी वाहणं हे सुसंस्कृत माणसाचं आद्य कर्तव्य होय. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या आप्पांनी हे कर्तव्य गच्चीवरच्या लिंबाच्या कुंडीपुरतं स्वीकारलं होतं. (कर्तव्याला कुठेतरी हद्द आखावीच लागते.)

झाडाला चावता येत नाही. पाण्यात विरघळेल तेवढंच त्याची मुळं शोषून घेतात, हे आप्पांनी वाचलं होतं. म्हणून पानांसाठी नत्र, मुळांसाठी स्फुरद आणि फळांसाठी पालाश विरघळवून देण्याचं धोरण मंजूर झालं. धोरण आप्पांचं, अंमलबजावणी बायकोची. म्हणजे बादली घेऊन गच्चीपर्यंतचे जिने चढायचे ते तिने. (आप्पांचे गुडघे दुखत. तिला गुडघे आहेत की नाहीत, याविषयी माहिती उपलब्ध नाही.)

एके सकाळी लिंबाची कोवळी पानं पिवळी दिसली. हातातला चहा तसाच ठेवून आप्पांनी रोपवाटिकेत फोन लावला.

"लोह कमी पडतंय," पलीकडून उत्तर आलं. "मातीत असतं, पण कधीकधी झाडाला घेता येत नाही."

भरल्या घरात उपासमार! आप्पांनी औषध तातडीने मागवलं, बादलीत कालवलं आणि बादली नेहमीच्या मार्गाने रवाना केली.

मधल्या जिन्यावर बायको कठड्याला धरून उभी होती.

"अहो, गरगरतंय मला."

"पित्त असेल. सांडलं नाही ना?"

सांडलं नव्हतं. सांडलं ते पुढच्या पायरीवर, आणि पाठोपाठ तीही कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. "रक्तात लोह फारच कमी आहे. इतक्या पांढऱ्याफटक पडल्यात, घरात कुणाला दिसलं नाही?"

आप्पांनी आता स्वतः वाकून तिची पापणी पाहिली.

"त्यांना नका बोलू," खाटेवरून बारीक आवाज आला. "त्यांचं डोळ्यांत तेल घालून लक्ष असतं हो. वरती."

मुलगी धावत आली. "बाबा, आई जेवते काय, सांगा बरं."

नत्र-स्फुरद-पालाशाचं प्रमाण आप्पा झोपेतही सांगत; पण बायको काय जेवते? ती वाढते, एवढं त्यांना ठाऊक होतं. ती जेवताना त्यांनी पाहिलीच नव्हती. कारण ती सगळ्यांनंतर, ओट्याशी उभ्याने, पातेल्याच्या तळाशी उरेल ते खाई. त्या रात्री मुलीने वाढल्यावर आप्पांनी आधी पातेल्याच्या तळाशी काय उरलंय ते पाहिलं.

रक्ताच्या बाटल्या चढल्या, ती घरी आली. आता आप्पा तिला आधी बसवतात, स्वतः वाढतात आणि ताट संपेपर्यंत समोरून हलत नाहीत.

"अहो, असं टक लावून बघू नका," ती म्हणते. "मला काय कळ्या येणारेत?"

पण परवा तिने पालेभाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हा आप्पा उठून आत गेले आणि उगाच डोळे पुसत बसले.

असो. बाईंचं ठीक झालं म्हणा, पण लिंबाचं पुढे काय झालं, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर हे पान मिटावं आणि आपल्या घरी आज शेवटी कोण जेवलं, ते आधी पाहून यावं.