तंबाखूचा रकाना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: ऑफिसात ज्या कामासाठी माझं कौतुक झालं, ते सुमनताईंनी केलं होतं.

ताई दापोडीच्या. आधी एका दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, आता हिंजवडीत आमच्याकडे कंत्राटावर. कुठल्या रकान्याचा अर्थ काय, हे सांगणारी नोंदवही प्रत्येक रुग्णालयाच्या संगणकात असते. त्या एकमेकींशी जुळवायच्या, म्हणजे एकीकडची माहिती दुसरीकडच्या संशोधनाला चालते, हे आमचं काम. आम्ही इंजिनिअर रकान्यांची नावं जुळली की खूश. ताई मात्र 'नाही' या उत्तराच्या वैरी. दिसलं की विचारणार, "विचारलं आन् न्हाई म्हनला, का विचारलंच न्हाई?"

गेटवरच्या वॉचमनने न बघताच 'सामान: नाही' लिहिलं, तर पिशवी उघडून त्याच्यापुढे डबा, छत्री, कोथिंबीर मांडतील, मागे रांग खोळंबलेली. माझ्या मुलीला पाहायला आलेली मंडळी म्हणाली, आमच्या काही अपेक्षा नाहीत. घरच्यासारख्या हजर असलेल्या ताईंनी तिथेही तोच प्रश्न टाकला. मंडळी चुळबुळली, आणि मुलीनं नोकरी सोडावी ही अपेक्षा बाहेर पडली. सोयरीक मोडली. मुलीनं ताईंना पेढे नेऊन दिले.

तर, दोन रुग्णालयांचे तंबाखूचे रकाने मी बिनधास्त जुळवून टाकले होते. ताईंनी एका ठिकाणच्या सिस्टरला फोन लावला, आधी तिच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग मुद्द्यावर आल्या. कळलं की तिथे रकाना रिकामा सोडला की संगणक आपोआप 'नाही' भरतो. माहिती तशीच गेली असती, तर तंबाखू खाणारे न खाणाऱ्यांत मोजले गेले असते.

बैठकीत साहेबांनी विचारलं, हे पकडलं कुणी? मी म्हणालो, "मी." ताई समोरच बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली आमची दोघांची कॅब अडकली. मी माफीसाठी शब्द शोधत होतो. ताईंचा नवरा तोंडाच्या कर्करोगानं गेला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच बोलल्या, "आमच्या ह्यांच्या केसपेपरवर बी न्हाईच व्हतं, भाऊ. चाकणला शिफ्टमधी जागं राहायला तंबाखू खायचे. डाक्टरनं विचारलं न्हाई." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी बी न्हाई."



आता सगळ्या नोंदवह्यांत तंबाखूपुढे तीन उत्तरं आहेत: हो, नाही, विचारलं नाही. ते तिसरं दिसलं की ताईंबद्दलच्या अभिमानानं माझा ऊर भरून येतो. पण ही दुरुस्ती कुणी सुचवली, त्या रकान्यात माझं नाव आहे. ते काढून सुमनताईंचं घालायचं, आणि तशाच बैठकीत सगळ्यांसमोर तसं सांगायचं, हे माझ्याकडून अजून राहिलं आहे.