बिननावाचं पाकीट

पैशाच्या बाबतीत पाकीटमास्तरकडे बोट दाखवायला जागा नव्हती. हे तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा, की दुसऱ्या कुणावर ते सांगायची पाळीच येत नसे. धंद्याने घड्याळजी. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरला शिंकायची चोरी. पण त्या दुकानात बसून, डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा उचलून त्याने संसार केला, आणि आयुष्यात एकदाही कर्ज काढलं नाही. चर्चच्या मंडळीत त्याला 'पाकीटमास्तर' म्हणायचे ते कौतुकाने म्हणायचे, असं त्याला वाटायचं. आपण तसंच धरून चालू.

त्याची पद्धत साधी होती. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आणि त्यात सात पाकिटं. घरभाडं, दुकानभाडं, किराणा, औषधं, मुलीचं लग्न आणि दात, ही सहा नावं त्याने स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली. सातवं पाकीट दशांशाचं, म्हणजे चर्चला द्यायच्या दानाचं. त्यावर काहीच लिहिलेलं नसे.

"दान गुपित असावं," तो म्हणायचा. "मग पाकिटावर तरी नाव कशाला?"

दर दुरुस्तीमागे दहावा हिस्सा त्यात पडायचा, सगळा सुट्या नोटांचा. त्यामुळे ते पाकीट नेहमी टम्म फुगलेलं दिसायचं आणि आत बघावं तर फार काही नसायचं.

'दात' हे पाकीट बायकोचं. तीन वर्षांपूर्वी मास्तरने तिला हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ काढून द्यायला सांगितलं होतं. स्वतः का नाही काढलं, तर तो जेवत होता. ती स्टुलावर चढली, स्टूल डगमगलं, घड्याळ तिने छातीशी धरून वाचवलं आणि पुढचे दोन दात गेले. घड्याळाला ओरखडासुद्धा नाही. तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरायची. पूर्वी ती अशी हसायची की शेजारी खिडकीत येऊन विचारायचे, काय झालं.

पाळकांनी यंदा मास्तरला मंडळीत वर्गच घ्यायला सांगितला. विषय 'विश्वासू कारभारी', चार बुधवार, संध्याकाळी सहा वाजता, नंतर चहा. पैसा देवाचा, आपण नुसते सांभाळणारे, हे त्याने पहिल्या बुधवारी असं समजावलं की दोन म्हाताऱ्यांनी पर्स उघडून आत देवाचं काय शिल्लक आहे ते बघितलं. दुसऱ्या बुधवारी कर्ज. तिसऱ्यासाठी त्याने ठेवलं होतं सगळ्यात आवडीचं तत्त्व: एका पाकिटातलं दुसऱ्या पाकिटात कधीही नाही.

आता घोटाळा कसा झाला ते सांगतो.

मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, पुढच्याच्या पुढच्या शनिवारी. त्याआधी बायकोला दात बसवायचे होते. "फोटोत मला हसायचंय," एवढंच ती म्हणाली होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गुरुवारची वेळ दिली होती. पाकिटात बावीस हजार चारशे जमले होते, त्यातले शेवटचे चारशे तिने शेजारणीचे पडदे शिवून घातलेले. शनिवारी तिने बघितलं, तर जुनं पाकीट कोपऱ्यात फाटलेलं. तिने पैसे नव्या पाकिटात घातले आणि मास्तरला म्हणाली, "अहो, दातांचं पाकीट बदललंय. नाव तेवढं लिहून टाका."

मास्तरच्या डोळ्याला भिंग होतं, चिमट्यात स्क्रू होता. तो म्हणाला, "हं."

या 'हं'वर त्याचा पस्तीस वर्षांचा संसार चालला होता. बायको समजली, लिहील. आणि मास्तरने तर काही ऐकलंच नव्हतं.

रविवारी सकाळी त्याने डब्यात हात घातला, बिननावाचं फुगलेलं पाकीट उचललं आणि कोटाच्या खिशात टाकलं. उपासनेत दानाची मखमली पिशवी आली तेव्हा त्याने ते अशा बेताने आत सोडलं की कुणाला दिसू नये, आणि आपण कुणाला दिसू न देता सोडतो आहोत हे मात्र शेजारच्या बेकरीवाल्याला दिसावं.

शेवटचं गीत चालू असताना मुख्याध्यापिकाबाई आतल्या खोलीत दान मोजायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना मुख्याध्यापिकाच म्हणत, आणि त्याही सगळ्यांना विद्यार्थीच समजत. त्या दिवशी त्यांनी पाळकांच्या हातात चिठ्ठी दिली. पाळकांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"आज कुणीतरी," पाळक म्हणाले, "नाव न लिहिलेल्या एका पाकिटात बावीस हजार चारशे दिले आहेत. वाळवीने खाल्लेली आपली बाकं आता बदलता येतील."

मास्तर भारावला. आपल्या वर्गाचा एवढा परिणाम होईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. 'आणि योगायोग बघा,' तो मनात म्हणाला, 'बरोब्बर आमच्या दातांएवढेच.' त्याने मागे वळून बायकोकडे बघितलं. ती पांढरीफटक पडून त्याच्याकडेच बघत होती. तिलाही भरून आलंय, असं त्याला वाटलं.

बेकरीवाल्याला त्या दिवशी नेमकी सर्दी होती. तो रुमालाने डोळे पुसत होता, ते लोकांनी बघितलं आणि काय ते ओळखलं. बाहेर पडताना चौघांनी त्याचा हात दाबला. तो आयुष्यात पहिल्यांदाच एवढा लोकप्रिय झाला होता, त्यामुळे त्याने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. "त्याबद्दल न बोललेलं बरं," एवढंच म्हणाला, आणि ते खरंही होतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "डबा उघडून बघितलात का?"

"बघायचं काय त्यात? मला पाठ आहे."



सोमवारी दुकानभाडं काढायला मास्तरने डबा उघडला. तळाशी जुनं फाटकं 'दात' घडी घालून ठेवलेलं, रिकामं. शेजारी एक बिननावाचं पाकीट, त्यात सुटे आठशे पन्नास. मास्तरने डबा उपडा केला, झाकणाच्या आतून बघितलं, पाकिटं एकेक करून उजेडात धरली. मग त्याला ते शनिवारचं 'हं' आठवलं आणि तो होता तिथेच खाली बसला.

बायकोला सांगायचं, एवढं एकच काम होतं. ते सोडून त्याने बाकी सगळं केलं.

आधी गेला मुख्याध्यापिकाबाईंकडे. म्हणाला, "समजा, एखाद्याचं दान चुकून गेलं असेल, तर?"

बाईंनी कपाटातून नियमांची वही काढली. दोन वर्षांपूर्वी गायनमंडळात भांडण होऊन एकाने आपलं दान परत मागितलं होतं. तेव्हा नियम झाला होता, की दान परत हवं असेल त्याने सगळ्या मंडळीपुढे उभं राहून कारण सांगावं. बाईंनी पानावर बोट ठेवलं. "सूचना कुणाची, वाचा."

वाचायची गरज नव्हती. सूचना मास्तरची, सहीसुद्धा त्याचीच, मोत्यासारख्या अक्षरात.

"कोण आहे तो एखादा?" बाईंनी विचारलं.

"आहे एक विसरभोळा," मास्तर म्हणाला आणि सटकला.

मंगळवारी तो पाळकांकडे गेला. "त्या पाकिटाबद्दल जरा," एवढंच तो बोलला असेल नसेल, पाळकांनी दोन्ही हात वर केले.

"मास्तर, देणारा कोण ते मला सांगू नका. तुम्हीच शिकवलंत ना, वाच्यता नको म्हणून? मी तर बेकरीवाल्यालासुद्धा काही विचारलं नाही. तो सुतार बघा, बाकांची मापं घ्यायला आलाय."

सुतार खरंच आला होता. तिसरं बाक मोजताना तो मास्तरला म्हणाला, "बसून सांगा हो, उंची ठीक आहे का." मास्तर बसला. बाक करकरलं. सुतार म्हणाला, "बदलायलाच पाहिजे." मास्तरने मान हलवली. काय करतो बिचारा.

बुधवारी वर्गाला कधी नव्हे एवढी गर्दी. बेकरीवाला पहिल्या रांगेत, नवा कोट घालून. बायको शेवटच्या रांगेत. मास्तरने तिसरं तत्त्व सांगायला सुरुवात केली, पण आज शब्द नीट लागत नव्हते. मधेच एका नर्सबाईंनी हात वर केला.

"मास्तर, अगदीच अडचण असली तर एका पाकिटातलं दुसऱ्याला घ्यायचं का?"

"कधीच नाही," मास्तर सवयीने म्हणाला.

आणि त्याची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. बायको त्याच्याकडे शांतपणे बघत होती. त्याला एकदम सगळं आठवलं. 'दात' या पाकिटातून आपण पहिल्यांदा घेतलं ते दुकानाचं शटर अडकलं तेव्हा. मग जुन्या घड्याळांचे सुटे भाग स्वस्तात मिळाले तेव्हा. मग लेथ यंत्राचा पट्टा तुटला तेव्हा. आणि चौथ्यांदा, धंदा मंदावलेल्या एका महिन्यात दशांश नेहमीएवढा भरत नव्हता म्हणून तो पुरा करायला. दर वेळी तो तिला म्हणाला होता, पुढच्या महिन्यात टाकतो. दर वेळी ती म्हणाली होती, बरं.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. मंडळी समोर होती, नियमही तेच म्हणत होता. मास्तरने घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, आणि म्हणाला, "चहा तयार आहे."

गुरुवारी सकाळी मात्र त्याला राहवलं नाही. बायको पोळपाटासारखा सपाट चेहरा करून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने दाराशी उभं राहून सगळं सांगितलं, 'हं'पासून सुतारापर्यंत.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पाळकांनी आकडा वाचला तेव्हापासून. घरी येऊन डबा बघितला. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, निम्मे पैसे बुधवार संध्याकाळपर्यंत आणा, लग्नाआधी दात होतील. माझी बहीण द्यायला तयार होती."

"मग घेतले का नाहीस?"

"तुमच्या तत्त्वात उसनं बसत नाही. म्हटलं, तुम्ही बोलाल, मग दोघं मिळून ठरवू. सोमवारी बोलला नाहीत. मंगळवारी नाही. काल त्या नर्सबाईंनी विचारलं तेव्हा वाटलं, आता बोलतील. तुम्ही उभे राहिला असतात तर मीही उभी राहिले असते तुमच्या शेजारी." तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "बाईंकडे आता लग्नानंतरचीच वेळ आहे."

मास्तर म्हणाला, "सगळ्यांसमोर उभं राहून मागायचं म्हणजे, मला लाज वाटली."

"चार वेळा त्या पाकिटातून घेतलंत, तेव्हा कुणासमोर उभे राहिला होतात?"



त्या रविवारी मास्तर उभा राहिला. त्याने पाकिटाचं सांगितलं, मग कुणी विचारलं नसताना त्या चार वेळांचंही सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी वहीत लिहून घेतलं आणि पैसे परत दिले. सुताराने मापाचा कागद खिशात घातला. सगळ्यांच्या माना बेकरीवाल्याकडे वळल्या, तेव्हा त्याची सर्दी एकाएकी परत आली. पुढे पंधरा दिवसांनी त्याने गुपचूप दोन बाकं करून दिली. म्हणजे त्या पाकिटाने कुणाचं तरी भलं केलंच म्हणायचं.

लग्न झालं. मुलगी छान दिसत होती. फोटोवाला म्हणाला, "हसा," आणि सगळे हसले. बायकोने हातातला फुलांचा गुच्छ तोंडापर्यंत वर घेतला.

दात लग्नानंतर नऊ दिवसांनी बसले.

वर्गाचा चौथा बुधवार लग्नाच्या गडबडीत राहून गेला होता. मास्तरने पाळकांना विनंती केली, तो बायकोला द्या. ती पुढे आली, हातात ते जुनं फाटकं पाकीट.

"पाकिटावर नाव लिहा," ती म्हणाली. "आणि ज्याचं नाव असेल, त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. झालं. चहा घ्या."

लोक खो खो हसले, तीही हसली. तिचे दात सुंदर दिसत होते. पण हसता हसता तिचा हात आपोआप वर गेला, तोंडावर. तीन वर्षांची सवय. मास्तर शेवटच्या रांगेत बसला होता, त्याला ते दिसलं.

लग्नाचा फोटो हॉलमध्ये लावलाय, त्या भिंतीवरच्या घड्याळाच्या शेजारी. दर रविवारी घड्याळाला चावी द्यायला मास्तर आता स्वतः स्टुलावर चढतो, आणि बायको खाली स्टूल धरून उभी राहते. चावीचे चौदा वेढे असतात. तेवढा वेळ तो घड्याळाकडेच बघतो, फोटोकडे बघत नाही.