घंटा दुरुस्तीला गेली आहे

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात मुक्तीची एक पितळी घंटा आहे. व्यसनातून सुटलेल्या माणसाने ती संचालकांसमक्ष तीनदा वाजवायची; मग त्याचा फोटो भिंतीवर लागतो आणि नशेची ओढ थोपवणारे त्याचे रोजचे औषध बंद होते. वर्षभरात जो वाजवत नाही त्याचे नाव 'असहकारी' म्हणून कमी केले जाते, आणि औषध तेव्हाही बंद होते. मी इथला कारकून, त्यामुळे नियम मला तोंडपाठ आहे. भिंतीवर चाळीस फोटो आहेत. त्यांतले अकराजण पुढे पुन्हा नशेच्या सुईकडे वळले आणि वारले. त्यांची नोंद आम्ही 'कायमचे मुक्त' अशी ठेवली आहे.

उपचारावर असलेल्या एका सुताराचे वर्ष सोमवारी भरत होते. रोज सकाळी नर्सबाईंसमोर जिभेखाली गोळी विरघळवायची आणि कामावर जायचे, एवढाच त्याचा उपचार. सुई बंद होती, करवत धरताना हात थरथरत नव्हता, मुलगी पुन्हा त्याच्याकडे राहायला आली होती.

"आता वाजवून टाक," संचालक म्हणाले.

"साहेब, भिंतीवर माझे आधीच दोन फोटो आहेत. दोन्ही वेळा वाजवली, गोळी बंद झाली, महिन्याभरात पुन्हा सुई. आता पोरगी घरात आहे. मला भीती वाटते."

"अरे, पण जन्मभर गोळीवर जगणं ही काय मुक्ती झाली?"

सुतारासोबत आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीची नजर संचालकांच्या टेबलावर होती. "साहेब, ही बीपीची गोळी किती वर्षं घेताय?"

"चौदा."

"सुटेल हो. मन घट्ट करा."

संचालकांनी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि विषय बदलला. घंटेचा लाकडी स्टँड डुगडुगत होता. समारंभाआधी तो नीट करून आण, असे त्यांनी सुतारालाच फर्मावले.

सुताराने घंटेसकट स्टँड नेला, त्याला आता सात महिने झाले. लाकूड वाळतंय म्हणतो. मी नियमावली काढून पाहिली: घंटा उपलब्ध नसलेला काळ वर्षात धरता येत नाही. तेव्हा त्याचे वर्ष भरलेले नाही. कोणाचेच भरलेले नाही, सगळ्यांच्या गोळ्या चालू आहेत. नवा फोटो नाही म्हणून संचालकांना वरून 'प्रगती शून्य' अशी नोटीस आली आहे. या सात महिन्यांत कोणी दगावलेही नाही, पण त्याला तक्त्यात रकाना नाही.

मी हे ज्याला ज्याला सांगतो तो मान डोलावतो आणि शेवटी विचारतो, "ते सगळं खरं हो, पण त्याची गोळी सुटली का?" तुमच्याही ओठांवर तेच आलं असणार. घंटा आली की कळवतो.