पिंपळगाव राजाचा समुद्रकिनारा

समुद्र आणायला समुद्र लागत नाही, डोकं लागतं! आणि ते माझ्याकडे भरपूर आहे, असं मी परवा-परवापर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

कोकणात एक सागर चित्रपट महोत्सव भरतो. थेट किनाऱ्यावर पडदा, समोर वाळूत अनवाणी बसलेले लोक, आणि सिनेमे सगळे समुद्राचे नि पर्यावरणाचे. यंदा त्यांनी समुद्रापासून लांबच्या एका गावातही एक खेळ करायचं ठरवलं. मी पिंपळगाव राजाच्या शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्यापेक्षा समुद्र लांब कुणाला असणार? ठोकला अर्ज!

महोत्सवाच्या समीक्षाताईंचा फोन आला. "सर, जवळ पाणी आहे का? आणि काठावर वाळू हवी हं. लोकांनी वाळूतच बसायचं, ही आमची अट आहे."

"आहे की!" मी ठणकावून सांगितलं.

पाणी खरंच होतं. माझे सासरे भगवंतराव याच गावचे, त्यांचं शेततळं गावाला लागूनच आहे. आणि वाळू, म्हणजे आमच्याकडची रेती, बोलताना मला डोळ्यांसमोर दिसत होती. भगवंतरावांच्या अंगणात ट्रॉलीभर पडलेली! पण ती साधीसुधी रेती नव्हती. सासूबाई पुष्पाबाईंच्या नव्या स्वयंपाकघराची होती. लग्न होऊन आल्यापासून त्या गळक्या टिनाखाली भाकरी थापतायत. नदीवरचे रेतीघाट बंद, गावातली घरकुलं रेतीवाचून अर्धवट उभी, अशात भगवंतरावांनी रीतसर रॉयल्टी भरून ती कशीबशी मिळवली होती. सोमवारी मिस्त्री येणार होता. खेळ शनिवारी!

"मामाजी, एका संध्याकाळपुरती द्या. कणभर कमी होणार नाही," मी म्हणालो.

"जवाईबुवा, रेती हाय ते, सतरंजी नाही. आंथरली न् गुंडाळली, असं नसते."

चुलीपुढून पुष्पाबाई म्हणाल्या, "देऊन टाका हो. जवाई एवढं मोठं काम करून राह्यले. पन बाप्पा, माह्या सैपाकघराची हाय ते, ध्यानात ठेवजा."

मला क्षणभर गलबलून आलं. क्षणभरच! लगेच मी ट्रॅक्टर सांगायला पळालो.

ट्रॅक्टर संघपालचा. त्याचंही घरकुल पायव्यावर अडलेलं. तळ्याकाठी रेती पसरताना तो मूठ भरून घेई आणि बोटांतून सोडत राही. "सर, काय माल हाय हा! आन् यावर लोकं बसवता तुमी?"

मी दुर्लक्ष केलं. मला समीक्षाताईंच्या दुसऱ्या अटीची काळजी होती. प्रत्येकानं घरून कापडी पिशवी आणायची आणि जाताना आपला कचरा तिच्यातून परत न्यायचा. मी ऑटोवर भोंगा लावून गावभर पुकारलं, "शनिवारी सात वाजता तळ्यावर सिनेमा! येताना मोठी कापडी पिशवी आणावी!" कचऱ्याचं गाळलं. कचऱ्याचं नाव काढलं की कोण येतं?

इथेच माझं डोकं कमी पडलं. आमच्याकडे पिशवी घेऊन या म्हटलं, की तिथे काहीतरी वाटणार हे ठरलेलं. रेशन असो, बियाणं असो, भंडाऱ्याची बुंदी असो. रिकाम्या पिशवीनं परत जायचं, तर पिशवी न्यायची कशाला!

शनिवारी जत्रा लोटली! घरातली झाडून सगळी माणसं, आणि माणसागणिक पिशवी. संघपालनं तर सोयाबीनचं धुतलेलं पोतं आणलं. समीक्षाताईंचे डोळे पाणावले. "सर, किती ही जागरूकता! आमच्याकडे शहरातसुद्धा असं होत नाही हो!"

मी फुगलो. माईक हातात आला तसा आणखी फुगलो. "बंधू-भगिनींनो! हा किनारा माझा नाही! माझ्या सासऱ्यांचाही नाही! हा किनारा तुम्हा सगळ्यांचा आहे!"

असा टाळ्यांचा कडकडाट मला जन्मात मिळाला नव्हता. एकटे भगवंतराव टाळ्या वाजवत नव्हते.

दिवे मालवले. सिनेमा होता किनारा गिळत चाललेल्या समुद्राचा. पडद्यावर एक कोळीण सांगत होती, "थोडा थोडा जातो किनारा. कळतच नाही." मी आणि समीक्षाताई सगळ्यात पुढे. मागे खरखर ऐकू येऊ लागली.

"लोक रेतीत पाय खुपसून मजा घेतायत," मी हळूच म्हणालो.

खरखर वाढली. जवळ आली. कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. "सर, जरासे सरकता काय? पिशवी थोडीशीच राह्यली."

सिनेमात इतका रंगलो होतो, की मी सरकलो!

दिवे लागले. किनारा नव्हता. तळ्याकाठी काळीशार माती, आणि रेती उरलेली फक्त समीक्षाताईंच्या बुडाखाली. पिशव्या डोक्यावर घेऊन गाव शिस्तीत घरी निघालं होतं. कचरा मात्र तिथेच होता, शेंगांची टरफलं पोत्यानं!

समीक्षाताईंनी तोंडावर हात ठेवला. "सर... सिनेमा चालू असताना तुम्ही खरोखरचा किनारा नाहीसा करून दाखवलात? आमच्या महोत्सवात असं आजवर कुणी केलं नाही!" आणि रडत रडत त्यांनी मला सन्मानचिन्ह दिलं. त्यांच्या किनाऱ्यावरची वाळू भरलेली काचेची बरणी.

मी संघपालला गाठलं. "अबे, काय केलं हे!"

"पिशव्या तुमीच आणाले लावल्या. किनारा आमचा हाय, हेबी तुमीच म्हणले. मंग अजून कसं सांगते माणूस?"

घरी आलो तर दाराआड दोन पिशव्या. माझी बायको सुलभा शांतपणे भात लावत होती.

"अगं, तुझ्या आईच्या स्वयंपाकघराची रेती ही!"

"मालूम हाय. सारं गाव नेऊन राह्यलं होतं, मंग आईची पोरगीच काऊन मांगं राहीन?"

रविवारभर दारोदार फिरलो. सगळीकडे चहा मिळाला, रेती नाही. ती रातोरात सिमेंटात कालवली गेली होती. संघपालचं घरकुल तर खिडकीपर्यंत आलं होतं.

सोमवारी मिस्त्रीपुढे मी सुलभाच्या दोन पिशव्या आणि बरणी ठेवली. त्यानं बरणीतली चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकला. "खारी हाय हे. बांधकामाले चालत नाही."

पुष्पाबाई रिकाम्या अंगणाकडे बघत राहिल्या. तेव्हा मात्र मला खरोखर लाज वाटली, मान वर होईना. मग त्यांनी पुढे होऊन बरणी पालथी केली आणि पदरानं पुसली.

"बरणी चांगली हाय. लोनच्याले होईन. पन टिनाखाली लोनचं नासते. तुमच्या घरीच घालतो."

तेव्हापासून सासू-सासरे आमच्याकडेच आहेत, नवी रेती मिळेपर्यंत. रेतीघाट अजून बंदच. सासूबाई बरणीत लोणचं मुरवतायत. सासरे मात्र रोज सकाळी चहाचा कप ठेवतात, रस्त्याकडे बघतात आणि विचारतात,

"काय जवाईबुवा, समुद्र कुठंपर्यंत आला?"